चार ठोके आणि एक उचकी

साउंड कार्ड प्रदीपने विकलं नव्हतं, एका दिवसाच्या बोलीवर दिलं होतं. बोईसरला त्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे.

"घरच्यांना फरक ऐकू आला तर ठेव. नाहीतर संध्याकाळी खोक्यासकट परत."

"घरच्यांना म्हणजे कोणाला?"

"पैसे देणाऱ्याला."

म्हणजे आईला.

मी लाटांचे आवाज रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकतो. झोप न येणारी माणसं ते ऐकतात. रेकॉर्डर पहाटे सातपाटीच्या आमच्या गच्चीवर ठेवायचा आणि आपण झोपायचं, असं हे कष्टाचं काम आहे. पण श्रोते तक्रार करायला लागले होते, 'लाटांच्या मागे काहीतरी वाजतं, झोप उडते.' मला काहीच ऐकू येईना. माझ्या कॉम्प्युटरमधून लाटांवर नुसती 'घूंऽऽ' यायची, तिच्याखाली सगळं बुडायचं. कार्ड नाही, तर फाइली साफ होणार नाहीत. फाइली साफ नाहीत, तर माझी झोपेची कंपनी बंद.

कार्डाच्या परीक्षेला बाबांनी पंच म्हणून बन्सीकाकांना बोलावलं. मासेमारीबंदीच्या दोन पावसाळी महिन्यांत कोणी बोट काढू नये म्हणून घरोघर तंबी देत फिरतात, ते हेच. आमची बोटही खाडीत ताडपत्रीखाली झोपून होती. बाबा आणि काका, दोघांना मधुमेह, त्यामुळे रोज पहाटे दोघं जोडीने चालायला जायचे. आईला याचं फार कौतुक.

आधी जुन्या आवाजात फाइल लावली. लाटा, घूंऽऽ.

मग कार्ड बसवून तीच फाइल. घूं गेली. लाटा अशा आल्या की मी पाय वर घेतले.

"काय फरक नाय," बाबा लगेच म्हणाले.

"अजिबात नाय," बन्सीकाका म्हणाले. "परत दे, धीरज."

आई सुकट निवडत होती. तिचा हात थांबला. आमच्याकडे बोट धुक्यात असतानाच बाया इंजिनाच्या आवाजावरून ओळखतात कोणाची आली ते, आणि टोपली घेऊन आधी पोचतात. यात आईचा नंबर गावात पहिला.

"धीरज, आवाज वाढव."

मी वाढवला. लाटांच्या मागे, लांबवर, टुक टुक टुक टुक, हिक्.

"चार ठोके नि एक उचकी," आई म्हणाली. "ही आमची बोट."

मी तारीख पाहिली. पंधरा जुलै. पहाटे साडेपाच.

बाबा पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता.

"आणि तिच्या मागं खोकते ती बन्सीभाऊंची."

पंचांनी पाणी मागितलं. कोणी दिलं नाही.

"तुमी चालाला जात होतात ना?" आईचा आवाज एकदम बारीक झाला.

"डॉक्टर बोलला, रोज फिरा," बाबा म्हणाले. "पायानंच फिरा, असं नाय बोलला."

"एकपण मासा नाय मारला, वहिनी. शपथ," बन्सीकाका म्हणाले. "जाळीच नाय नेली. नुसती चक्कर."

"बांधून बांधून ती कंटाळली होती," बाबा म्हणाले. ती म्हणजे बोट.

"एवढ्या लाटांत? उलटली असती म्हणजे?" आईच्या हातातली सुकट खाली सांडली. "मी हितं चहा ठेवून बसलेली, नि तुमी..."

फाइल अजून चालूच होती. कार्ड इतकं चांगलं होतं, की बोटीची उचकीसुद्धा महाग वाटत होती.

"अशा किती फाइली हायत?" आईने विचारलं.

"एकवीस."

"कार्ड ठेव," आई म्हणाली. "नि दुसरी लाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर गल्लीतल्या सहा बाया उभ्या. "आमच्या बोटी पण ऐकव." सगळ्यांत पुढे बन्सीकाकांची मैनाकाकू. बसायला घरून पाट घेऊन आली होती.