सांगता येईल असा गुन्हा

न्हाव्याने रत्नाकरच्या डोक्यावरून शेवटचा वस्तरा फिरवला, शेंडीपुरते केस ठेवले आणि खांद्यावर टिचकी मारून त्याला उठवले. विहिरीजवळच्या पाटावर आता जयतीर्थ येऊन बसला. मुंडन झालेली चार मुले ओल्या पंच्यांनी डोकी पुसत उन्हात उभी होती. नंदकिशोर रत्नाकरच्या टाळूवर हात फिरवून म्हणाला की, तुझ्यापेक्षा आमच्या घरचा तांब्या गोल आहे. कुणीतरी हसले. बाकीचे हसले नाहीत.

ओट्यावर नरसिंहराव मास्तर बसले होते. माध्यमिक शाळेतून निवृत्त झाल्यापासून बसवनगुडीतल्या या ब्राह्मण मुलांच्या मोफत वसतिगृहात ते रोज संध्याकाळी शिकवायला येत. मुलाला चुकू द्यावे, चूक त्यालाच सापडेपर्यंत थांबावे, ही त्यांची पद्धत. या वेळी मात्र त्यांनी थांबायचे धाडस केले नव्हते. उत्तर त्यांनीच सांगून टाकले होते.

गेल्या आठवड्यात स्वयंपाक्याने गच्चीवर जयतीर्थ आणि हयवदन यांना एका पांघरुणात, एकमेकांच्या मिठीत पाहिले. दोघांचा एकमेकांवर जीव आहे हे वसतिगृहातल्या मुलांना वर्षभर ठाऊक होते आणि एकानेही ते बाहेर काढले नव्हते. स्वयंपाक्याने थेट चिटणीस शेषगिरींना सांगितले. शेषगिरींनी दोघांची नावे पटावरून काढायचे ठरवले. कॉलेजला कळवायचे, घरी कळवायचे, वेळ पडली तर पोलिसांत. जयतीर्थची बी.एस्सी.ची परीक्षा तोंडावर होती. आनेकलला त्याची आई चार घरी स्वयंपाक करून या परीक्षेची वाट पाहत होती.

तेव्हा मास्तरांनी मुलांना वर्गात बसवून सांगितले, गुन्हा बदला. दोघे मिलिटरी हॉटेलात, त्या सामिष खाणावळीत, मटण खाऊन आले, तोंडाला वास येईल म्हणून गच्चीवर लपले, असे म्हणा. अभक्ष्य खाल्ले तर त्याला प्रायश्चित्त आहे. मुंडन, स्नान, नवे जानवे, पंचगव्य, की माणूस पुन्हा पंगतीत. दुसऱ्या गोष्टीला तसे काही नाही. रत्नाकर लगेच उठून म्हणाला की, दोघेच कसे गेले असतील, आम्हीही होतो. मागोमाग आणखी तिघे उठले. त्यांतल्या कुणी अंडेसुद्धा जवळून पाहिले नव्हते.

शेषगिरींना खरे काय ते माहीत होते. पण संस्थेला देणगीदारांपुढे उच्चारता येईल असा गुन्हा हवाच होता.

"मटण म्हणता ना, मास्तर? सरी, ठीक आहे. मग मटण."

अडले ते हयवदनपाशी. मास्तरांनी त्याला दोनदा समजावले.

"मटण खाल्लं असतं तर सांगितलं असतं, मास्तर," तो शेवटी म्हणाला. "मला जे वाटतं, त्याला मटण म्हणवत नाही."

म्हणून त्याने आज जायचे ठरले. त्याला पोचवायला कुणी जायचे नाही, अशी शेषगिरींनी अट घातली होती.

जयतीर्थचे उजव्या बाजूचे केस उतरले होते, तेवढ्यात हयवदन जिना उतरून आला. पुस्तकांनी भरलेली लोखंडी पेटी त्याला पायरीपायरीवर टेकवावी लागत होती. अंगणात येऊन तो थांबला. जयतीर्थने पाटावरून वर पाहिले. न्हाव्याने वस्तरा बाजूला घेतला.

"छान दिसतोस," हयवदन म्हणाला. "आईनं ओळखलं म्हणजे झालं."

जयतीर्थ हसला. मग त्याने खांद्यावरचे फडके काढून विहिरीच्या काठावर ठेवले आणि जाऊन पेटीची दुसरी कडी धरली.

"जयतीर्थ," शेषगिरी आवाज न चढवता म्हणाले, "फाटकाबाहेर पाऊल टाकलंस तर परत आत नाही."

जयतीर्थने मास्तरांकडे पाहिले.

"पेटी जड आहे, मास्तर."

दोघे निघाले. रस्त्यावर फुलांची टोपली घेऊन चाललेल्या बायका थबकल्या. एक मूल बोट दाखवून हसले आणि आईने त्याला ओढून घेतले. अर्धे काळे, अर्धे पांढरे डोके वळणापर्यंत दिसत होते. ते एकदाही खाली झाले नाही.

न्हाव्याने कानडीत विचारले की, उरलेल्या डोक्यासाठी थांबायचे का. शेषगिरींनी पुरोहितांना पुढचे सुरू करायला सांगितले. मुलांनी स्नान केले, नवी जानवी घातली आणि ओळीत उभी राहिली. पुरोहितांनी एकेकाच्या तळहातावर पळीने पंचगव्य घातले.

मुलांनी हात तोंडाशी नेले नाहीत. फाटकाकडे पाहत ती तशीच उभी राहिली.

"ज्याला राहायचंय त्यानं घ्यावं," शेषगिरी म्हणाले. "नाही त्यानं आपली पेटी भरावी."

मास्तर ओट्यावरून उठले. दोन मुले हातची गेली होती. ही चार अजून अंगणात होती. यांच्याही परीक्षा होत्या, यांच्याही आया होत्या. ते रत्नाकरसमोर जाऊन उभे राहिले. त्याच्या मुंडन केलेल्या डोक्यावर वस्तऱ्याची एक बारीक जखम होती आणि तीतून रक्त येत होते.

"घ्या, बाळांनो," ते म्हणाले. "स्वल्प ऐका माझं. घ्या."

या मुलांनी त्यांचे ऐकले नाही असे आजवर झाले नव्हते.

"जयतीर्थ येऊ दे, मास्तर," रत्नाकर म्हणाला. "मग घेतो."

मास्तर त्याच्यासमोरून बाजूला झाले. शेषगिरींनी चाकराला फाटक लावून घ्यायला सांगितले. चाकर निघाला. तळहातावरचे पंचगव्य मुलांच्या मनगटांवरून ओघळू लागले होते. ते सांडू नये म्हणून नंदकिशोरने बोटे आणखी आवळून धरली.