उतरतं पाणी

सिरोंच्याजवळ गोदावरी जिथं वळते, तिथं अलीकडचा काठ चांगला दोन पुरुष उंच आहे. पोचूची सात वर्षांची दिव्या तापानं गेली, तेव्हा त्यानं तिला त्या काठावरच पुरलं. त्याची बायको बायनाबाई घरामागच्या मोहाच्या झाडाखाली पुरू म्हणत होती, पण ती जागा खोलगट.

"तिथी पुराचं पाणी भरते. माह्या पोरीले पाण्यात झोपवू का?" पोचू म्हणाला. जन्मभर नदीत जाळं टाकलेल्या माणसाला नदीचं कोण काय सांगणार!

नदीला मात्र वर चढायची गरजच नव्हती. ती काठ बुडापासून खात होती आणि खाल्लेली माती पलीकडच्या वळणात नेऊन टाकत होती. हजारो वर्षं तिचा हाच उद्योग. एका पोरीसाठी ती कशाला थांबेल? बघता बघता कडा दिव्याला पुरलं तिथं ठेवलेल्या दगडाजवळ आली.

"आता तरी तिले तिथून उचला," बायनाबाई काकुळतीला आली.

"मातीले देलेली पोर कोणी परत मांगते का?"

भादव्यात पूर आला. पोचू दगडापाशी ठाण मांडून बसला. पाणी कडेपर्यंत आलं, पण वर आलं नाही. मग उतरू लागलं, तसा त्याचा जीव भांड्यात पडला. "गेला पूर. आता पोरीले भेव नाई," असं सांगून तो घरी जेवायला बसला.

भरलेली नदी त्या भिजून जड झालेल्या काठाला टेकू देऊन होती. पाणी गेलं, टेकू गेला. भर दुपारी धाडकन आवाज झाला. पोचू उष्ट्या हातानं धावला. दगड नव्हता, काठच नव्हता. खाली गढूळ पाणी निवांत चाललं होतं. 

उन्हाळ्यात शेजारच्या हरिदासनं पलीकडच्या गाळावर टरबुजं लावली. पहिलं फळ तो यांच्याकडं घेऊन आला. "खाऊन पाहा, भाऊ. वळणावरची नवी माती हाय, मोठं गोड निंघालं."

पोचूनं सुरी आणली. बायनाबाईनं टरबूज दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरलं.

"कापू नका," ती म्हणाली आणि मोहाच्या झाडाकडं चालू लागली.

पोचूनं सुरी खाली ठेवली. कोपऱ्यातलं फावडं उचललं आणि तिच्या मागं गेला.