टेबलावर मांडलेले फर्मे

पोस्टमनचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आहे. नोकरीभर त्यावर पिशवी होती. तयार कोट त्याला कधी बसला नाही. आमच्या हिने बेतलेला मात्र बसायचा. ती नुसती टेपने माप घेत नसे. त्याला दुकानात इकडून तिकडे चालायला लावायची, बघत राहायची आणि मग फर्मा काढायची. त्यावरून कापायचं आणि शिवायचं काम माझं.

ती गेल्यापासून मी दुकान उघडलं नव्हतं. पोस्टमन घरी आला.

"मास्तर, शनिवारी माझा निरोप समारंभ. कोट हवाय. वहिनींनी फर्मा करून ठेवला होता ना?"

"ठेवलाय. पण या घरातल्या कॉम्प्युटरमध्ये आहे."

"मग काढा की. वरातीमागून घोडं नको. निवृत्त एकदाच होतो माणूस."

काढायचा कसा? कॉम्प्युटर सुरू केला की नुसता घरघरत बसायचा. पडद्यावर काही उमटेपर्यंत माझा चहा पिऊन कपही धुऊन व्हायचा. त्यानंतर एक बटण दाबलं की तिथेच अडायचा. मी स्वतः माप घेऊन जुन्या चादरीवर कापून पाहिलं. पोस्टमनने ते अंगावर चढवलं, आरशात बघितलं.

"यात मी तिरकाच दिसतो हो," म्हणाला. खरंच होतं ते.

मुलगा म्हणाला, "बाबा, तो डबा भंगारात द्या, नवा घेऊ." सूनबाई रविवारी आली आणि खुर्ची ओढून बसली.

"सगळं पुसणार असशील तर हात लावू नकोस," मी म्हणालो.

"बाबा, मी झाडायला आलेय, घर पाडायला नाही."

तिने आधी कॉम्प्युटरच्या पंख्यातली धूळ काढली. दोऱ्यांचा हा एवढा गोळा निघाला. घरघर थांबली, चाल मात्र तीच. मग सुरू होताना आपोआप काय काय उघडतं, ते तिने पाहिलं आणि हसायलाच लागली.

"हे आईंनी केलंय?"

सगळे फर्मेच होते. डॉक्टरीणबाईंचा कोट, बेकरीवाल्याची पँट, वरच्या मजल्यावरच्या काकूंचा झगा. कॉम्प्युटर सुरू झाला की सगळे एकदम उघडत होते.

मला लगेच कळलं. पूर्वी फर्मे कागदाचे असायचे, भिंतीवर खिळ्याला टांगलेले. रोज सकाळी ती हातातल्या कामांचे फर्मे उतरवून टेबलावर मांडायची. काम झालं की फर्मा परत खिळ्यावर. कॉम्प्युटर आला, तर त्यालाही तिने तेच वळण लावलं. पण आजारपणात फर्मे परत टांगायचे राहून गेले. मशीन बिचारं रोज तिचं सगळं टेबल मांडत बसत होतं.

"आईंना हे कुणी शिकवलं?"

"कुणी शिकवायला लागायचं नाही तिला."

सूनबाई पडद्याकडे बघत राहिली. "मला नसतं सुचलं," म्हणाली. मग हळूच विचारलं, "काढू यांना? फर्मे कुठे जाणार नाहीत. फक्त आपोआप उघडणार नाहीत."

हिची कपाटं हिच्या बहिणीने केव्हाच आवरली होती. हिच्या हातचं मांडलेलं एवढंच उरलं होतं. सूनबाईने घाई केली नाही.

पण काम संपलेला फर्मा टेबलावर पडलेला हिला खपायचा नाही. "अहो, याची जागा इथे आहे का?" म्हणायची.

"मला दाखव," मी म्हणालो. "मी काढतो."

एकेक नाव वाचलं, ते कापड आठवलं आणि काढलं. पोस्टमनचा फर्मा तेवढा ठेवला. सूनबाईने मशीन बंद करून पुन्हा लावलं. मी सवयीने चहा टाकायला उठलो.

"बसा बाबा, आता तेवढी सवड मिळायची नाही."

मी वळतो न वळतो तोच फर्मा समोर आला. उजव्या खांद्याची रेघ उतरती, गळा किंचित सरकवलेला. माणूस सरळ दिसावा म्हणून तिने रेघा वाकड्या काढल्या होत्या. इतकी वर्षं त्यावरून कापड कापलं, पण असा निवांत बघितला नव्हता.

शुक्रवारी पोस्टमन मी घरीच शिवलेला कोट घालून आरशासमोर उभा राहिला.

"चालून दाखवा," मी म्हणालो.

"तुम्हीपण?" असं म्हणत तो दारापर्यंत गेला आणि आला. खांदा कुठे खाली आहे ते मलाही शोधावं लागलं. तो पैसे काढायला लागला, तेवढ्यात थांबला. "वहिनींचाच आहे," म्हणाला आणि बराच वेळ बाही चाचपत राहिला.

संध्याकाळी मी त्याचाही फर्मा काढून ठेवला. सकाळी कॉम्प्युटर लावला, तर पडद्यावर तिचं टेबल मोकळं. मी दुकानाची किल्ली घेतली.