वेगळी चूल

योस्त हे नाव आमच्या तुडील गावात कुणाच्याच जिभेला वळलं नाही. शेजारच्या बयाबाईनं पहिल्याच आठवड्यात त्याचं ‘येसू’ करून टाकलं आणि पुढं ‘येसूसाहेब’ हेच राहिलं. तो हॉलंडचा. महाडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात परदेशी यंत्रं आली, त्यांच्यामागोमाग हाही आला आणि आमच्या घराच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहू लागला. दार वेगळं, मोरी वेगळी, गॅस वेगळा. महाडात चांगला ब्लॉक मिळत असताना इथं का, तर त्याला खिडकीतून सावित्री दिसायला हवी होती. नदी बोलत नाही, हे त्याला दोन वर्षांत कळलं असावं.

माणूस घुमा नव्हता. भागोजीकडून दूध घेता घेता त्यानं मराठी उचललं होतं, तेही भागोजीचंच. मी महाडच्या शाळेत मराठी शिकवते आणि माझाच भाडेकरू ‘हाय-नाय’ करतो, म्हणून शरद, माझा नवरा, मला चिडवायचा. पण दूध यायचं ते कुंपणावरून. साहेबाच्या खोलीत जाऊन बसायचं कसं, असं गावाला वाटे. आणि आपल्याकडं कुणी येत का नाही, असं साहेबाला. दोन्हीकडं भली माणसं असली की असा घोळ होतो, आणि राग काढायला कुणी सापडतही नाही.

नव्व्याण्णव सालच्या शिमग्याआधी तो एका संध्याकाळी आमच्या ओटीवर येऊन बसला. आणखी तीन वर्षं राहणार का, असं कंपनीनं विचारलं होतं. सण झाला की उत्तर द्यायचं होतं.

“मग राहताय ना?” मी विचारलं.

“राहायचं हाय, बाई. पण कोणाजवळ?” तो म्हणाला. “थंडीत ताप आला, आठवडाभर पडून होतो. कोणाला माहीत नाय. माझ्या दारावर कोण येतच नाय.”

मला वाईट वाटलं आणि रागही आला. ताप आला तर हाक मारायला काय झालं होतं? पण मनात म्हटलं, थांब, चार दिवसांत अख्खा गाव तुझ्या दारात येणार आहे.

आमच्याकडं शिमग्यात गावदेवीची पालखी घरोघर फिरते. घरं मोजत नाही, चुली मोजते. एका छपराखाली भावाभावांच्या तीन चुली असल्या तर तीनदा थांबते. दार उघडं ठेवायचं, पाट मांडायचा, दिवा लावायचा. हे कुणी कुणाला सांगत नाही, पोराटोरांनाही माहीत असतं. दार बंद आणि आत अंधार असला तर त्या घरात सुतक आहे असं समजायचं. मग हाक मारायची नाही. पालखी क्षणभर थांबते आणि पुढं जाते.

त्या संध्याकाळी मी देवीची ओटी भरली. पालखी आमच्या दारातून घराच्या मागच्या अंगाला गेली. ढोल चांगले घुमले, मग एकदम थांबले. शरद मागून आला.

“दार बंद आहे त्याचं. दिवाही नाही.”

कारखान्यात अडकला असेल, असं म्हणून मी हळहळले.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर येसूसाहेब ओटीवर बसलेला.

“सकाळी भागोजी आला,” तो म्हणाला. “बयाबाई आली, पलीकडचा पांडू आला. आत येऊन खाली बसले. पहिल्यांदा. मी सगळ्यांना चा केला. कोण प्यायलाच नाय. बोललं पण नाय. बयाबाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, डोळे पुसले, आणि गेले सगळे. माझा चा पण चालत नाय त्यांना?” मग खाली बघून म्हणाला, “मी दुपारी कंपनीला कळवलं. जातो म्हणून.”

मी हातातली पिशवी खाली ठेवली. “काल कुठं होतात?”

“घरात. दिवा घालवून. मागं एका देवळात मला पायरीवरून परत पाठवलेलं. म्हटलं, तुमच्या देवीला माझा त्रास नको. ढोल असे जवळ वाजत होते की भिंत हलत होती. मी हललो नाय.”

“ते तुमच्याच दारात वाजत होते,” मी म्हणाले. “तुमची चूल वेगळी आहे ना.”

मग त्याला सुतकाचं सांगितलं. त्याचं कोण गेलं, हे विचारायला ती माणसं आली होती आणि कुणाला विचारवेना. सुतकाच्या घरी चहा घेत नाहीत.

“बयाबाई रडली, ती माझ्यासाठी?”

“हो.”

त्यानं कारखान्यात पुन्हा विचारून पाहिलं. त्याच्या जागी दुसरा नेमला होता. शेवटच्या महिन्यात त्याच्या खोलीत बसायला जागा नसायची. ‘जिवंत माणसांचं सुतक पाळलंन’ म्हणून गाव त्याची थट्टा करायचा, त्याच्याकडचा चहा पुन्हा मागून प्यायचा. तो हसायचा, पण मला त्याच्याकडं बघवत नसे.

पुढच्या शिमग्याला मी शरदलाही न सांगता मागच्या रिकाम्या खोलीचं दार उघडलं, पाट मांडला, दिवा लावला. पालखी आमच्याकडून निघाली. भागोजीचा खांदा होता. त्यानं दिव्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

“चूल नाय ना आता तिथं, बाई,” तो हळूच म्हणाला, आणि पालखी पुढच्या घराकडं वळली.