पाठकोऱ्या कागदांची बॅग

मित्रांनो, मी एक जुनी चामड्याची बॅग आहे. दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका घरात चपलांच्या कपाटावर असते. माझा जन्म मात्र जर्मनीतला, कोळशाच्या खाणीजवळच्या गावातला. तिथल्या शाळेतल्या इर्मगार्डबाईंनी मला विकत घेतले.

बाईंनी माझ्यातून आधी वह्या नेल्या, मग खाणीच्या धुराविरुद्धची पत्रके. पुढे त्या संसदेत निवडून आल्या. वीज सूर्यापासून घ्या, वाऱ्यापासून घ्या, हे त्या चाळीस वर्षे सांगत राहिल्या. लोक आधी हसले, मग त्यांनी टाळ्या वाजवल्या. खाण बंद झाली त्या दिवशीच्या फोटोत मीही आहे. नंतर बाई निवडणूक हरल्या आणि मी माळ्यावर गेले.

बाईंची एक सवय होती. भाषण नेहमी पाठकोऱ्या कागदावर लिहायचे. पुढे जुना, काट मारलेला मजकूर आणि मागे पेन्सिलीने भाषण.

दुबईच्या हवामान परिषदेचे बोलावणे आले तेव्हा बाईंनी ऐंशी ओलांडली होती. बोलायला तीन मिनिटे होती. त्यांनी मला माळ्यावरून काढले आणि त्या मंजुषाताईंकडे, म्हणजे याच घरी, उतरल्या. ताई शिकायला जर्मनीत होत्या तेव्हा बाईंनीच त्यांना जर्मन शिकवले होते.

"बाई, एसी बंद करायला लावणाऱ्या पाहुण्या तुम्हीच पहिल्या," ताईंचे यजमान अरुणराव जेवताना म्हणाले.

"आणि घरात स्वेटर घालून जेवणारी माणसं मी वाळवंटातच पाहिली," बाई म्हणाल्या.

भाषणाच्या दिवशी सकाळी बाई अंघोळीला गेल्या. ताईंनी मला खोबरेल लावून मायेने पुसले. आत काट मारलेले कागद दिसले. लहानपणी गणितासाठी पाठकोरे कागद गादीखाली जपणाऱ्या ताई, पण तीस वर्षांत हाताची ती सवय गेली होती. न उलटता त्यांनी सगळे कागद कचऱ्यात टाकले.

"खलास. आता कशी हलकी झालीस," त्या मला म्हणाल्या.

व्यासपीठावर बाईंचा हात माझ्यात कागद शोधत राहिला. आत फक्त चष्म्याचे घर होते. अलीकडे त्यांना आठवत नसे. त्यांनी ते घर उघडून पाहिले, माझे सगळे कप्पे पुन्हा चाचपले. "माझ्या गावातल्या लोकांना…" एवढे म्हणाल्या आणि वेळ संपल्याचा समोरचा दिवा लाल झाला.

कागदावर काय होते, ते मला ठाऊक आहे. 'खाण बंद करताना मी गावाला नव्या कामाचा शब्द दिला होता. काम आले नाही. त्या खाणीत माझा भाऊ होता. तो मरेपर्यंत माझ्याशी बोलला नाही. तेलाच्या विहिरी बंद कराच, पण तिथल्या माणसांना आधी काम द्या. माझे चुकले.'

संध्याकाळी ताई रडत म्हणाल्या, "बाई, मी कागद उलटून पाहिलेच नाहीत."

बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "गावाकडे मी तरी कुठं वळून पाहिलं होतं?"

जर्मनीला परतताना त्यांनी मला इथेच ठेवले. वसंतात त्या गेल्याचे पत्र आले. ताईंनी ते वाचले, पाठ कोरी आहे का ते पाहिले आणि माझ्यात ठेवले. आता घरातला प्रत्येक पाठकोरा कागद माझ्याकडे येतो.

मित्रांनो, कागद फेकण्याआधी एकदा उलटून पाहा. माझ्या बाईंना माफी मागायला तीनच मिनिटे मिळाली होती.