ऑप्शनला टाकलेला धडा

वामनराव पांढरीपांडे यांनी वणीच्या एका ज्युनियर कॉलेजात एकतीस वर्षं फिजिक्स शिकवलं, पण त्यांचं नाव झालं ते फिजिक्समुळे नाही, आयएमपीमुळे. बोर्डाच्या परीक्षेला आठ दिवस राहिले की ते फळ्यावर वीस प्रश्न लिहायचे आणि त्यातले बारा-तेरा पेपरात हमखास यायचे. वर्षभर तोंड न दाखवणारी पोरंही त्या एका दिवशी पहिल्या बाकावर असायची. कोणता धडा धरायचा आणि कोणता ऑप्शनला टाकायचा हे पांढरीपांडे सरांनाच कळतं, अशी चंद्रपूर रोडपर्यंत ख्याती होती. ती कानावर आली की सर मान खाली घालून हसायचे. तशानं आपण नम्र दिसतो, असा त्यांचा समज होता.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली आणि ही ख्याती विरत चालली. अशात तहसील कार्यालयाच्या सभागृहात नागपूरचे हौशी रेडिओवाले आले. आदल्या ऑगस्टच्या पुरात दोन दिवस मोबाइलचे टॉवर बंद पडले होते, म्हणून त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. त्यांनी आवारातल्या कडुनिंबाला एक तार बांधली, टेबलावर एक डबा ठेवला आणि मोबाइल नाही, इंटरनेट नाही, थेट केरळातल्या एका गृहस्थाशी पाऊसपाण्याच्या गप्पा मारल्या. मग सांगितलं की हे करायला सरकारी परवाना लागतो. परवान्यासाठी परीक्षा असते. अर्धी परीक्षा तंत्राची, अर्धी नियमांची, आणि दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. कोण बसणार?

वामनरावांचा हात वर गेला. "फिजिक्सच आहे," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "म्हणजे आपल्या घरचंच."

मागच्या रांगेतून दुसरा हात वर आला, तो निकिताचा. ती त्यांचीच विद्यार्थिनी. बारावी होऊन तिला पंधरा वर्षं झाली होती. मुकुटबनजवळच्या गावात तिचं सासर, नवरा अक्षय कापूस-सोयाबीन करायचा आणि ती मुकुटबनला कृषी केंद्र चालवायची. पुराच्या त्या दोन दिवसांत तिच्या सासूबाईंच्या, तानाबाईंच्या छातीत दुखू लागलं होतं. नाल्याला पाणी, फोन बंद. अक्षय ट्रॅक्टर घेऊन नेटवर्क शोधत फिरला, आणि अॅम्ब्युलन्स यायला सहा तास लागले. तानाबाई वाचल्या, पण निकिताच्या डोक्यातून ते सहा तास गेले नव्हते. सभा संपल्यावर ती सरांपाशी आली आणि म्हणाली, "सर, तुम्ही बसून राह्यले म्हणजे मले चिंता नाही. मी रविवारी येत जाईन शिकायले."

"ये ना," वामनराव म्हणाले. घरी परतताना ते जरा जास्तच ताठ चालले.

पुस्तक आलं. वामनरावांनी ते उघडलं आणि भराभरा पानं चाळली. मॉड्युलेशन, अँटेना, लहरींचा प्रवास, पानामागून पान तेच. बारावीच्या पुस्तकात हा सगळ्यात शेवटचा धडा असायचा, संदेशवहनाचा. जेमतेम तीन-चार मार्कांचा. एकतीस वर्षं त्यांनी तो ऑप्शनला टाकला होता. पोरांपुरता नव्हे, स्वतःपुरताही. त्यांनी तो कधी वाचलाच नव्हता. आणि आता आख्खी परीक्षा त्या एका धड्यावर उभी होती.

दुसरा कोणी असता तर वाचायला बसला असता. वामनराव वेळापत्रक करायला बसले. तीन रंगांच्या शाईत त्यांनी दिवसाची आखणी केली. 'पहाटे पाच ते सहा वाचन, सहा ते सव्वासहा चिंतन' असं लिहून झाल्यावर चिंतनाला पंधरा मिनिटं पुरतील का, यावर त्यांनी अर्धा तास विचार केला. पुस्तकाला खाकी कव्हर घातलं. टेबल पूर्वेकडे वळवलं, मग डोळ्यावर ऊन येतं म्हणून पुन्हा उत्तरेकडे. असे अकरा दिवस गेले. रोज सकाळी चहा ठेवताना कुंदाकाकू टेबलाची दिशा पाहायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. संसाराला चौतीस वर्षं झालेल्या बाईचं न बोलणं काय असतं, हे वामनरावांना पक्कं ठाऊक होतं.

रविवारी निकिता एसटीनं आली. कापूस वेचणीचे दिवस, बायामाणसं शेतात सोडून आलेली. पाणी पिऊन ती वही उघडून बसली. वामनरावांनी टेबलाच्या खणातून एक कागद काढला आणि जुन्या थाटात तिच्यापुढे सरकवला. कुठून कुठून मिळवलेल्या दोन जुन्या प्रश्नपत्रिकांवरून त्यांनी आयएमपी काढलं होतं, बरोबर वीस प्रश्न. एवढं केलंस की बाकीचं बघायचीही गरज नाही, असं त्यांनी सांगितलं. मॉड्युलेशन तर ऑप्शनलाच टाक, त्यात डोकं फार जातं.

निकितानं कागद वाचला, नीट घडी घातली आणि टेबलावर ठेवला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो असता तर वामनरावांना बरं वाटलं असतं.

"सर, बारावीतही तुम्ही हाच धडा ऑप्शनले टाकलता," ती म्हणाली. "आमच्या वर्षी त्याच्यावर पाच मार्काचा प्रश्न आलता. मी पाहिलाच नव्हता धडा. इंजिनिअरिंगले लागते तेवढी टक्केवारी भराले मले तीन मार्क कमी पडले."

वामनरावांनी घडी घातलेला कागद पुन्हा खणात टाकला. आयएमपीतले किती प्रश्न आले, हे ते दर वर्षी मोजायचे. न आलेल्यांचं पुढे काय झालं, हे त्यांनी कधी कोणाला विचारलं नव्हतं.

"तू तेव्हा काही बोलली नाहीस," ते म्हणाले.

"कायले बोलू? माझं काही वाईट नाही झालं, सर. दुकान चांगलं चालून राह्यलं. पण या बारीले मले मार्क नाही पाह्यजे. मले ते समजलं पाह्यजे. नाला भरला म्हणजे तिथं आयएमपी थोडीच चालते?"

आतून कुंदाकाकू पोह्यांच्या बशा घेऊन आल्या आणि दोघांचे चेहरे पाहून तिथेच बसल्या. वामनरावांची मान आपोआप खाली गेली. या वेळी नम्र दिसण्याचा प्रश्न नव्हता. मग त्यांनी ते वाक्य उच्चारलं, जे एकतीस वर्षांत कुठल्याही वर्गात त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. "मला हा धडा येत नाही, निकिता. मी तो कधी वाचलाच नाही."

त्यांना वाटलं होतं की आता छत कोसळेल. निकितानं फक्त पोह्यांवर लिंबू पिळलं आणि म्हणाली, "मंग पह्यल्या पानापासून सुरू करू."

तिनं पद्धत ठरवली. एक पान वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि ते पान कुंदाकाकूंना सांगायचं. काकू बी.ए., इतिहास घेऊन. त्यांचं काम एकच, जिथं समजलं नाही तिथं 'काहून?' विचारायचं. काकूंना पटल्याशिवाय पान उलटायचं नाही. वामनरावांना वाटलं, हे सोपं आहे. पहिल्याच पानाला त्यांच्या नाकी नऊ आले. घोकलेली व्याख्या त्यांनी धडाधडा म्हटली, तर काकू म्हणाल्या, "हे ऐकलं. पण काहून?" ते पुन्हा पुस्तकाकडे वळले. दुपार गेली, पान तेच.

मॉड्युलेशनवर तर घोडं दोन रविवार अडलं. आवाजाला दुसऱ्या लहरीवर बसवून कायले पाठवता, तो आपल्या आपण जात नाही का, हा काकूंचा प्रश्न. वामनरावांनी तीन सूत्रं लिहिली. काकूंनी तिन्ही कौतुकानं पाहिली आणि प्रश्न जिथल्या तिथं ठेवला. हताश होऊन ते खिडकीबाहेर बघत राहिले. रस्त्यावरून कोळशाचे ट्रक चालले होते, रोजच्यासारखे, पेरूच्या पानांवर धूळ उडवत.

"कोळसा आपल्या पायानं चंद्रपूरला जातो का?" वामनराव हळूच म्हणाले. काकू म्हणाल्या, नाही. "मग त्याला ट्रक लागतो. आवाज म्हणजे कोळसा आणि लहर म्हणजे ट्रक. तिकडे पोचल्यावर कोळसा उतरवून घ्यायचा, ट्रकचं काम संपलं."

मग त्यांना थांबवणं कठीण झालं. ट्रक ठरल्या अंतरानं जाताहेत आणि माल कमी-जास्त भरलाय, तर ते एएम. माल सगळ्यांत सारखा, पण दोन ट्रकांमधलं अंतर कमी-जास्त होतंय, तर एफएम. निकितानं पेन खाली ठेवलं होतं. काकूंनी रस्त्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "उलटा पान." बोर्डात पहिला आलेला विद्यार्थी सत्कार करायला घरी आला तेव्हाही वामनरावांना एवढा आनंद झाला नव्हता.

परीक्षा जानेवारीत, नागपूरला होती. तोवर त्यांचं तंत्राचं पुस्तक चार वेळा झालं होतं. राहिली होती नियमांची बारा पानं. निकितानं आठवण करून दिली, एकदा नव्हे, तीनदा. वामनराव म्हणाले, त्यात समजायचं काय आहे, कायदेकानू एसटीत वाचून होतील. आणि एसटीत ते वाचणारच होते. पण निकिताला पुढे जागा मिळाली आणि वामनरावांशेजारी राळेगावचे कोणी रामराव बसले. त्यांनी भल्या मनानं विचारलं, कुठं निघाले? वणी ते वरोरा वामनरावांनी त्यांना मॉड्युलेशन समजावलं, आणि वरोरा ते नागपूर अँटेना. रामराव उतरताना हात जोडून उतरले. नियमांची बारा पानं पिशवीत कुंदाकाकूंच्या दशम्यांखाली होती, तिथेच राहिली.

तंत्राचा पेपर त्यांनी हसत हसत सोडवला. नियमांच्या पेपरात एक प्रश्न होता. परवानाधारक शेजारी बसलेला असताना त्याच्या बिनपरवाना मित्राला माइकवरून बोलता येईल का? वामनरावांनी विचार केला. मालक शेजारी बसलाच आहे, मित्रही घरचा, दोन शब्द बोलला तर कोणाचं काय बिघडतं? त्यांनी 'होय'वर मोठ्या मनानं खूण केली. परतीच्या एसटीत निकितानं विचारलं तेव्हा त्यांनी हे सांगितलं. तिनं आपली नियमांची पानं उघडून एका ओळीवर बोट ठेवलं, आणि वामनराव काय ते समजले.

निकाल लागला. निकिता पास. वामनरावांना तंत्रात तिच्याहून जास्त मार्क, आणि नियमांत दोन मार्कांनी नापास. कुंदाकाकूंनी निकाल ऐकला, टेबलाकडे पाहिलं आणि विचारलं, "पुन्हा ऑप्शनला?" ज्या खोडीपायी एका पोरीचं इंजिनिअरिंग हुकलं, ती तिच्यासमोर कबूल करून झाल्यावरही वामनरावांची सुटली नव्हती. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली. लाजेच्या भरात त्यांनी नवं वेळापत्रक करायला घेतलं. मग ते लक्षात येऊन कागद फाडला आणि नियमांचं पहिलं पान उघडलं.

निकिताचा परवाना हातात यायला पावसाळा उजाडला. पुढची परीक्षा दिवाळीनंतर होती. निकितानं रेडिओचा सेट घेतला आणि पहिल्या दिवशी सर-काकूंना गावी बोलावलं. घरावरून गोठ्यापर्यंत वीस मीटर तार ताणलेली. तिची लांबी वामनरावांनीच काढून दिली होती. तानाबाई खाटेवर बसल्या होत्या, तिथून त्यांना डबा नीट दिसत होता. निकितानं परवान्यावर मिळालेली आपली खूण, कॉल साइन, सांगून हाक दिली, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा नागपूरहून उत्तर आलं, त्या कडुनिंबाला तार बांधणाऱ्याच गृहस्थाचं. तानाबाईंनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला.

नागपूरकरांनी विचारलं, मुकुटबनकडून हा पहिलाच आवाज ऐकतोय, तुम्हाला शिकवलं कोणी?

"आमचे सर आहेत वणीचे," निकिता म्हणाली. "बारावीले फिजिक्स शिकवलं. हा धडा तेवढा राह्यलता, तोही त्यांनीच शिकवला. जरा उशिरा."

वामनराव चष्मा पुसू लागले. चष्मा स्वच्छच होता.

निकितानं बोलणं आटोपतं घेतलं तसा अक्षयला उत्साह आला. त्यानं माइक उचलून वामनरावांपुढे धरला. "सर, घ्या, तुम्ही बोला ना. निकिता बसूनच आहे."

वामनरावांचा हात पुढे गेला. तिकडून नागपूरकर थांबले होते, इकडे सगळं घर बघत होतं, आणि नऊ महिने ते ज्याची वाट पाहत होते तो माइक बोटांपासून वीतभर अंतरावर होता. मग त्यांनी हात मागे घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला.

"काहून?" कुंदाकाकूंनी विचारलं.

"परवाना तिचा आहे, माझा नाही," वामनराव म्हणाले. "ती शेजारी असली तरी माझा आवाज तिच्या परवान्यावर जाऊ शकत नाही. आज मी बोललो, उद्या कोणीही बोलेल, आणि नाला भरेल त्या दिवशी कोण खरं बोलतंय ते कोणालाच कळणार नाही. म्हणून."

कुंदाकाकूंनी मान डोलावली. निकितानं अक्षयच्या हातातून माइक घेतला, नागपूरकरांचा निरोप घेतला, सेट बंद केला आणि सरांकडे वळली.

"एक मार्क तर झाला, सर," ती म्हणाली. "आता एकच राह्यला."