पूर्वेकडची पाने

ऑगस्टमधल्या एका शनिवारी निमिष बॉथेलहून तासाभराच्या अंतरावर, स्कॅजिटच्या खोऱ्यातल्या एका छोट्या वायनरीकडे गाडी नेत होता. शेजारी सासरे त्र्यंबकराव होते आणि मागच्या सीटवर आठवा महिना लागलेली देवयानी.

त्र्यंबकराव तासगावचे द्राक्ष बागायतदार. जूनमध्ये ते परदेशी लेकीकडे आले, तेच दहा सप्टेंबरचे परतीचे तिकीट घेऊन. बाळंतपण त्या महिन्याच्या अखेरीस होते. "अण्णा, बाळाचं तोंड तरी बघून जा," असे देवयानीने कितीदा तरी विनवले होते. "ऑक्टोबर छाटणीला मी नको का?" हे त्यांचे ठरलेले उत्तर. छाटणी गेली दोन वर्षे पुतण्या संजीव एकटाच चोख करतो, हे दोघांनाही ठाऊक होते. खरे कारण एकदा जेवताना बाहेर पडले होते: "इथं भांडीसुद्धा मशीन घासतंय. मी काय करू, सोफ्याची राखण?"

"वायनरीत मला कशाला नेताय?" त्यांनी आता विचारले. "मी घेत नाही, देवूला चालत नाही, तुम्हाला गाडी चालवायचीय."

"बाग बघायला चाललोय, अण्णा. आणि मी एखादा घोट टेस्ट केला तर..."

"करा की. मी डोंगराकडं बघतो."

बागेची मालकीण मार्था सत्तरीची होती. ओळीतून पुढे सरकत ती घडांभोवतीची पाने खुडून खाली टाकत होती. ते पाहताच त्र्यंबकराव कुंपणापासूनच ओरडले, "अहो बाई, नका! घड भाजतील!" आणि कोणी अडवण्याआधी आत जाऊन त्यांनी एक फांदी ओढून उघड्या घडावर धरली.

निमिषने गडबडीने माफी मागितली. मार्था मात्र रागावली नाही. तिने त्यांचा हात धरून घडावर ठेवला. भर दुपार होती, तरी मणी गार होते.

"आमच्याकडे ऊन कमी," ती म्हणाली. "सकाळचं तरी लागावं, म्हणून पूर्वेकडची पानं काढते." निमिषने ते मराठीत सांगितले.

त्र्यंबकरावांनी आणखी दोन मणी चाचपले. उन्हापासून जपण्यासाठी घडांना वर्तमानपत्रे गुंडाळण्यात त्यांची चाळीस वर्षे गेली होती. इथे ही बाई त्याच उन्हाला वाट करून देत होती. मग ते एकदम मोठ्याने हसले.

"आयला! चाळीस वर्षं उलटा अभ्यास केला की मी!"

पूर्व कुठली ते विचारून त्यांनी बाह्या सरसावल्या आणि शेजारची ओळ धरली. दोन्ही हात चालू लागले. मण्याला बोट न लागता पान निघत होते. मार्था आपले काम थांबवून पाहत राहिली. देवयानी पालथ्या क्रेटवर बसून द्राक्षाचा रस पीत होती. गेल्या दोन महिन्यांत वडिलांना असे भराभर चालताना तिने पाहिले नव्हते.

ओळ संपल्यावर त्यांनी एक मणी दाबून पाहिला. "अजून पाणी उतरायचंय, कच्चा आहे. तोडणी कधी?"

"ऑक्टोबरचा दुसरा आठवडा," मार्था म्हणाली. "मला माणसं कमी पडतात. हे येतील का?"

देवयानीने मान खाली घातली. हा प्रश्न त्यांना विचारायचा तिला धीर होईना. शेवटी निमिषनेच विचारला.

त्र्यंबकरावांनी बोटांवर काही हिशेब केला आणि लेकीकडे पाहिले. "तिला सांगा, आधी आमचं बाळ येऊ दे. पाचवी पुजली की दुसऱ्या दिवशी हजर."

"आणि छाटणी?" देवयानीने विचारले.

"संजीव आहे की. मी मधे गेलो की त्याचं बिघडतंच."

निमिष 'पाचवी' इंग्रजीत कशी सांगावी या विवंचनेत पडला. "फिफ्थ डे... म्हणजे एक पूजा असते..."

"राहू दे रे," डोळे पुसता पुसता देवयानी हसली. "सरळ यस म्हण!"